बारावा मुक्काम

जवळा बाजार
दि. ९ जानेवारी २०२५

रूपसिंगभाऊ, जय सेवालाल.

तुमचा पत्ता तांड्यावरच्या गोपीचंदनं दिला. वाळूजला पोराकडं ऱ्हाता, कुलदीपची नोकरी बरी चाललीय, गुडघे दुखतात, एवढं त्यानं सांगितलं. जास्त मी विचारलं न्हाई. बारा वर्षांनी पत्र येऊन राहिलं म्हणून दचकू नका, कोणी मेलं न्हाई. फोनच करणार होतो, पण माझा फोन बिघडलाय. आवाज धड येत न्हाई. म्हणून बसलो लिवायला. अक्षर लागलं न्हाई तर कुलदीपकडून वाचून घ्या.

काम एकच हाय. तुमच्या सोजराआक्काची नात संगिता, सिद्धेश्वरकडच्या शाळेवर मास्तरीण हाय ती, परवा दुकानात आली. हातात साबणाच्या डबीएवढं रेकॉर्डिंगचं मशीन, पिशवीत दोन माइक. म्हणाली, "खाजाआजोबा, आजीचं लदेणीचं गाणं उतरवून ठेवायचंय. आजीला दम लागतो आता. पण थाळी वाजायला लागली की आजीचा आवाज पार बुडतो. तुमच्या अठ्ठ्याण्णवच्या कॅसेटमध्ये थाळी, नगारा, गळा, सगळं सुटं सुटं ऐकू येतं. ते कसं केलं होतं?"

गाणं तुम्हाला काय सांगायचं! बैलांवर मीठ लादून तांडा निघतो, आन् एकेका मुक्कामाचं पाणी, झाड, कोण तिथं जन्मलं, कोण तिथं राहिलं, असे एकोणीस मुक्काम. आपल्या कॅसेटच्या एका बाजूला त्यातले पाचच बसले होते. बाकीचे कुठंच उतरलेले न्हाईत. संगिता म्हणते, पुरं गाणं आता आजीच्या एकटीच्या तोंडात उरलंय.

आता मुद्द्याचं. माइक कुठं ठेवायचा हे आपण दोघांनी माझ्या दुकानामागच्या सरकीच्या खोलीत तीन उन्हाळे घालवून शोधलं होतं. घामानं निथळत. तुमी नगारा बडवून बडवून हाताला फोड आणले, मी त्याच त्या टेपा पुसून पुसून भरल्या. जमलं त्या दिवशी तुमी सेवालालची आण घेतली, मी अल्लाची, की हे तिसऱ्याला सांगायचं न्हाई. मी पाळली. तुमी पाळली का, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. नांदेडच्या त्या स्टुडिओची सीडी निघाली आन् तिच्यात आपलाच आवाज निघाला, तवा मी तुम्हाला भर बाजारात, चहाच्या हाटेलापुढं, चार लोकांत जे बोललो ते मी अजूनबी परत घेत न्हाई. मी सांगितलं न्हाई, मग कोण उरलं, ते लहान लेकरूबी सांगंल.

पण आण दोघांची होती. मोडायची तर दोघांनी मोडावी. संगिता तुमच्याच घरची हाय. तिला सांगू का नको, दोन ओळीत कळवा. तोवर मी तिला काहीतरी सांगून वाटंला लावलंय.

खाजा


जवळा बाजार
दि. २ फेब्रुवारी २०२५

रूपसिंगभाऊ,

तुमचं उत्तर न्हाई. नसू द्या. मी असतो तर मीबी दिलं नसतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट दाबून ठेवली होती. संगिताला काहीतरी सांगून वाटंला लावलं, असं लिवलं होतं ना? ते काहीतरी म्हणजे उलटंच सांगितलं. म्हणालो, माइक तोंडापुढं वीतभर धर, थाळी उघड्या फरशीवर ठेव, खोली मोकळी पाहिजे, सामान काढून टाक. एकूण एक खोटं. ती बिचारी वहीत लिवून घेत होती. एकेक शब्द. "अजून काही, आजोबा?" असंबी विचारलं तिनं.

काहून सांगितलं, ते मलाबी नीट सांगता येत न्हाई. सवय, दुसरं काय. पंचवीस वर्षं जो कोणी विचारायला आला, त्याला मी असंच उलटं सांगून पाठवत आलो. गोरेगावचा बँडवाला, हिंगोलीचा तो ऑर्केस्ट्रावाला, सगळे. माइक लावायच्या आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, लोकांना शंका नको म्हणून तुम्हालाबी, मग लावायचा, मग त्याच्यावर काळं फडकं. कमरुन्निसा तर म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या माइकचाच पडदा कडक हाय." ध्यानात हाय ना तुमच्या? तुमी लई हसायचे.

आता ऐका काय झालं. संगितानं मी सांगितलं तस्संच केलं. शाळेची एक खोली मोकळी केली, आजीला फरशीवर बसवलं. आन् त्या दिवशी आक्का अशी काही गायली म्हणे की पहिल्या मुक्कामापासून एकोणिसाव्यापर्यंत कुठं अडली न्हाई. दोन तास. मधी एकदाच पाणी प्याली. शेजारच्या बाया दारात येऊन बसल्या, एकदोघी रडल्या.

आन् मशीनमधी काय आलं? थाळी. नुसती थाळी. संगिता ते घेऊन माझ्याकडं आली. मी हेडफोन लावला, ऐकलं. मला तर बरं वाटलं. म्हणालो, "चांगलं तर आलंय की!" ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. म्हणाली, "आजोबा, थाळी कानात सुईसारखी घुसते. दहाव्या मुक्कामानंतर आजीचा आवाज खाली गेलाय, तो तर लागतच नाही." मी म्हणालो, तुझा हेडफोन खराब असंल. तो चांगला होता. कमरुन्निसानंबी लावून बघितला आन् दोन मिनिटांत काढून टेबलावर ठेवला.

मग संगिता गेल्यावर तिनं मला धरलं. "तुमी त्या पोरीला खरं सांगितलं होतं का?" मी गप्प. तिला कळलं. चाळीस वर्षं झाली निकाहाला, तिला माझं गप्प बसणंबी वाचता येतं. म्हणाली, "हे गुपित काय कबरीत नेणार हाय का तुमी? मुंगीला शिकवणार तिथं?" त्या दिवशी ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

मला झोप न्हाई. एवढं थकल्यागत मला आधी कधी वाटलं न्हाई, रूपसिंग. खोटं बोलून कोणाचं नुकसान होतं हे ठाऊक होतं, पण आधीचे सगळे धंदेवाले होते. ही तर म्हातारीचं गाणं वाचवायला आली होती.

तुमचं उत्तर येवो न येवो, मी तिला सांगणार. पुढच्या आठवड्यात आक्काला इथंच आणायचं ठरलंय, सरकीच्या खोलीत. आणेचं पाप माझ्या डोक्यावर.

खाजा


जवळा बाजार
दि. १७ फेब्रुवारी २०२५

रूपसिंग,

आजपासून तुमी-बिमी बंद. वाचशील तवा कळंल काहून.

शनिवारी आक्का आली. जीपमधून उतरताना दोघांनी धरलं, पण जीभ तीच. मला बघून म्हणाली, "खाजा, तू तर माझ्याआधी म्हातारा झाला की रं!" काखोटीला थाळी, फडक्यात बांधलेली. दुसऱ्याला धरू देत न्हाई.

मी संगिताला खोलीत घेतलं आन् दार उघडं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. फडकं न्हाई, काही न्हाई. तिला सगळं दाखवलं. सरकीची पोती तीन अंगांनी, चौथं अंग मोकळं. खाली ओलं पोतं, त्यावर थाळी. माइक तोंडापुढं न्हाई, तर गाणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागं, कानाच्या बराबर, वीतभर मागं. सांगितलं की बाई, गाणारा आपल्या कानानं तोल धरतो, गळा किती आन् थाळी किती, ते त्याच्या कानाला ठाऊक असतं, म्हणून आपला माइक त्याच्या कानाशेजारी पाहिजे. ती लिवून घेत होती. मधीच थांबली आन् म्हणाली, "आजोबा, मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं." मी म्हणालो, "मागच्या वेळी खोटं सांगितलं होतं." तिनं वहीची पानं मागं चाळली. वहीचं जुनं पान फाडलं आन् घडी करून पर्समधी ठेवलं. टाकलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

मग आक्का बसली, थोडं वाजवून बघितलं. मी संगिताकडं बघतोय, की आता हिचं तोंड खुलंल. पोरीनं मान हलवली. "थाळी अजून टोचते, आजोबा. थोडी कमी, पण टोचते."

टेप लावून मापं बघितली. सगळं बराबर. चुन्याच्या खुणा अजून फरशीवर हायेत, बोटभरबी फरक न्हाई.

तवर आक्कानं थाळी उचलली, उलटी केली, खाली हात फिरवला आन् म्हणाली, "कणीक कुठाय?"

मला वाटलं भूक लागली. म्हणालो, "आक्का, कमरुन्निसा चपात्या लाटून राहिली, एवढं झालं की जेवू."

"चपाती न्हाई रं बाबा, कणीक! थाळीच्या बुडाला लावायची. रूप्या आणायचा न्हाई का धोतराच्या सोग्यात, लिंबाएवढी?"

"कवा आणायचा?"

"दर बारीला. तू माइकला पडदा करायला आमाला बाहेर उभं करायचा, तवा तो लावायचा. पखवाजाला लावतात तशी. थाळीची कुरकुर मरती त्यानं." मग माझ्याकडं बघून हसली, तोंडात दोनच दात. "मला म्हणायचा, आक्का, खाजाला बोलू नको. त्याला वाटतं सगळं त्याच्या माइकनंच हुतं. वाटू दे."

वाटू दे.

रूपसिंग, मी खाली बसलो. खरंच बसलो, पोत्यावर. तीन उन्हाळे, टेपा, मापं, चुन्याच्या खुणा, आन् काळं फडकं टाकून पंचवीस वर्षं जे मी लोकांपासून लपवून राहिलो, ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तुझ्या धोतराच्या सोग्यात. आन् मी तुला बाहेर उभा करत होतो!

कमरुन्निसानं परातीतली कणीक दिली. आक्कानं अंगठ्यानं दाबून बसवली, सरावाच्या हातानं. वाजवलं. संगितानं डोळे मिटले, मग हेडफोन काढला आन् माझ्याकडं बघून म्हणाली, "हाच. कॅसेटमधला आवाज हाच."

आता जे लिवतोय ते कमरुन्निसाला सोडून कोणाला ठाऊक न्हाई. मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. कणकीच्या आधीचं आन् नंतरचं. काही फरक न्हाई. आक्काचा हात वरखाली होताना दिसत होता आन् थाळीचा आवाज म्हणून काहीतरी पुसट, दुरून आल्यागत. माझा फोन बिघडलेला न्हाई, रूपसिंग. फोन चांगला हाय.

आन् गाणं. आक्का गायली, गोड गायली. अकरा मुक्काम. अकरावा संपला, बैलं पाण्यावर नेली, झाडाखाली गोण्या उतरवल्या, आन् ती थांबली. थाळीवरचा हात तसाच. दम लागला म्हणून पाणी दिलं. पुन्हा अकरावा घेतला, पुन्हा तिथंच. "पुढचं पानी कोणचं हाय रं?" असं मलाच विचारत होती. मला काय ठाऊक! तिसऱ्यांदा न्हाई जमलं. डोळे पुसले तिनं पदरानं आन् म्हणाली, "परवा शाळेत तर सगळं आलं होतं."

आलं होतं. सगळं आलं होतं, आन् माझ्या खोट्यापायी थाळीखाली गेलं. संगिता त्या रेकॉर्डिंगला रोज कान लावून बसते. बारा ते एकोणीस, आठ मुक्कामांतले दोनतीन शब्द हाती लागलेत. बाकी नुसती टणटण.

आज एवढंच.

खाजा


जवळा बाजार
दि. १ मार्च २०२५

रूपसिंग,

परभणीला कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. कमरुन्निसानं ओढत नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्या वाजवल्या. म्हणजे वाजवल्या असतील. मला निम्म्या आल्याच न्हाईत. डॉक्टर म्हणाला, बारीक, चढे आवाज आधी जातात, आन् तुमचे आजचे गेलेले न्हाईत, बारा-पंधरा वर्षं झाली असतील. आयुष्यभर लग्नाचे भोंगे भाड्यानं दिले, त्याच्यापुढंच उभा राहिलो, दुसरं काय होणार!

बारा-पंधरा वर्षं. मी बसमधी बोटं मोजत आलो.

घरी आल्यावर ट्रंक उघडली. नांदेडवाल्यांची ती सीडी मी जपून ठेवली होती, पुरावा म्हणून. तुझ्याविरुद्धचा पुरावा. संगिताला बोलावलं आन् म्हणालो, "ही ऐक आन् खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नको." तिनं तीन गाणी ऐकली. म्हणाली, "आजोबा, ह्यात तर थाळी आपल्या शाळेतल्यापेक्षा जास्त टोचते. ह्यांना कणीक ठाऊक नाही. माइकही तोंडापुढंच आहे, श्वास आपटतो त्याच्यावर."

तू कोणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कणीकबी सांगितली असती. आपला आवाज त्या सीडीत कधी नव्हताच. मला तो सारखा वाटला, कारण टोचणारं ऐकायला माझ्याकडं कानच उरले नव्हते. ज्या कानांवर भरवसा ठेवून मी तुला चोर म्हणालो, ते तवाच गेलेले होते.

आन् तू! एक शब्द बोलायचा होता. चहाच्या हाटेलापुढं, चार लोकांत, मी आईबहीण काढत होतो, "बहिणीच्या थाळीसकट विकलंस" असं म्हणालो होतो मी. तू नुसतं "कणीक" म्हणाला असतास तर माझी जन्माची मिजास तिथंच उतरली असती. तू नगाऱ्याच्या काड्या पिशवीत घातल्या, चहाचा कप जागेवर ठेवला आन् जीपमधी जाऊन बसलास. मला वाटलं, चोराला तोंड न्हाई. बारा वर्षं मी हे असंच सांगत आलो लोकांना. मला लाज वाटते, रूपसिंग. अन्नावर वासना न्हाई.

काल त्याच हाटेलापुढं गेलो. तवाचे दोघंच जिवंत हायेत. त्यांना सांगितलं, रूपसिंगनं काही केलं नव्हतं, मी बहिरा होतो. एक म्हणाला, "जाऊ द्या खाजाभाई, जुनं झालं." मी म्हणालो, तुमच्यासाठी झालं असंल.

गुपिताचं म्हणशील तर ते आता राहिलं न्हाई. दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिवून लावलंय: पोती कशी, ओलं पोतं कुठं, माइक कुठं, मापांसकट. खाली लिवलंय: "माइक खाजा मियाचा, कणीक रूपसिंगची." संगितानं त्याचा फोटो काढून कुठं कुठं पाठवला. गोरेगावचा बँडवाला येऊन गेला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी उलटं सांगून पाठवलेला तोच. भिंत वाचली आन् मला म्हणाला, "एवढंच होतं व्हय?" एवढंच होतं. त्याला चहा पाजला.

माफी मागायला मला तोंड न्हाई, म्हणून ती मागत न्हाई. काम सांगतो.

आक्का रोज अकराव्या मुक्कामावर येऊन थांबते. संगिता म्हणते, रात्री अंथरुणातबी पुटपुटते, पुढचं पाणी हुडकते. कुठल्या पाण्यावर बैलं न्यायची ते तिला सुचत न्हाई, आन् मागं फिरता येत न्हाई. काल तिनंच सांगितलं, "रूप्या असता तर नगाऱ्यावर एक थाप दिली असती, मला मुक्काम आठवला असता." चाळीस वर्षं तिच्या मागं बसून तू नगारा वाजवलास. शब्द तिच्या तोंडात असतील, पण मुक्कामाच्या थापा तुझ्या हातात हायेत. तुला ते आठही येतात. मला ठाऊक हाय की येतात, कारण तू बाराव्याला थाप बदलायचास आन् मी चिडायचो की माझ्या टेपमशीनची आवाज दाखवणारी सुई उडते म्हणून.

होळी तेराला हाय. तुझा नगारा इथंच राहिला होता, आठवतं का? मी विकला न्हाई, दिला न्हाई, काहून ते विचारू नको. कातडं जरा ढिलं झालंय, उन्हात ठेवलाय. गुडघ्याला तकलीफ होत असंल तर जिंतूरपर्यंत ये, तिथून मी गाडी करतो. माझ्याशी बोलू नको वाटलं तर बोलू नको. मला तसंबी ऐकू येत न्हाई.

थाळी मला ऐकू येणार न्हाई, आक्काचा गळा थोडा थोडा येईल. पण नगारा अजून येतो, कानात न्हाई, छातीत. तू थाप दिलीस की मला कळंल, बारावा मुक्काम आला.

येताना काही आणू नको. कणीक इथं मळून ठेवतो.

तुझा
खाजा